ट्राउट डोहात नव्हे, धारेच्या कडेला

हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात गळ घेऊन आलेला नवखा माणूस आधी कुठे जातो, हे ऑक्टोबरात मी तीन दिवस गुशैणी गावाजवळ नदीकाठावर बसून पाहिलं. जो तो सगळ्यात खोल, हिरव्यागार डोहाकडे. मोठं पाणी तिथे मोठा मासा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. संध्याकाळी ही मंडळी रिकाम्या हातांनी परतत होती आणि ट्राउट मात्र त्यांच्यापासून दहा पावलांवर, मांडीभर पाण्यात होता.

हा मासा मूळचा इथला नाही. ब्राउन ट्राउट इंग्रजांनी १९००च्या सुमारास ब्रिटनमधून काश्मिरात आणला आणि १९०९ मध्ये तो कुलूत पोचला. रुजला तो पाण्याच्या गारव्यामुळे. समुद्रसपाटीला १० अंशांच्या एक लिटर पाण्यात ११ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउटची भूक मंदावते, आणखी तापलं की जिवावर बेततं. सह्याद्रीतल्या ओढ्यांत तो तग धरणार नाही, तो याचमुळे.

पण नदीभर गार पाणी असताना तो नेमका कुठे उभा राहतो? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर जमाखर्चाच्या वहीसारखं मांडता येतं.

पहाडी नदीतला ट्राउट भक्ष्यामागे फारसा धावत नाही. तो एका जागी तोंड प्रवाहाकडे करून थांबतो आणि वाहत येणारे कीटक टिपतो. काठाजवळचा एखादा दगड उलटून पाहा. खाली मेफ्लाय नावाच्या कीटकाची चपटी पिल्लं दगडाला चिकटलेली दिसतील, शेजारी वाळूचे कण जोडून केलेल्या नळ्यांत कॅडिस या दुसऱ्या कीटकाच्या अळ्या. यातले काही सतत सुटून प्रवाहाला लागतात. पाण्याचा वेग तिप्पट झाला तर तेवढ्याच वेळात अन्नही साधारण तिप्पट येतं. ही झाली जमा. खर्चाचं गणित मात्र वेगळं आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधाला तोंड देत जागेवर टिकायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग तिप्पट, तर कष्ट सत्तावीसपट! मधल्या धारेत उभा राहिलेला मासा खाऊन खाऊनही वाळेल. डोहाच्या तळाशी विश्रांती भरपूर, पण ताटात काही पडत नाही. म्हणून त्याला जागा हवी ती संथ पाण्यात, पण वेगवान पाण्याला खेटून. धारेची कड ती हीच.

दगडामागे तर आणखी एक गंमत घडते. पाणी दगडाला वळसा घालून जाताना मागे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सुटतात. याला कार्मानची भोवरामाळ म्हणतात. एका बाजूनं सेकंदाला किती भोवरे सुटतील, हे वेगाला दगडाच्या रुंदीनं भागून ०.२ नं गुणलं की साधारण कळतं. वेग सेकंदाला ५० सेंटिमीटर आणि दगड २० सेंटिमीटर रुंद असेल, तर दर दोन सेकंदांना प्रत्येक बाजूनं एक. २००३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या वाहत्या पाण्यात अर्धगोल छेदाचा उभा खांब लावून त्यामागे ट्राउट सोडले. माशांनी शेपटीची लय भोवऱ्यांच्या लयीशी जुळवली आणि त्यांच्या स्नायूंचं काम स्पष्ट कमी झालं. पुढे त्याच मंडळींनी ताजा मेलेला ट्राउट सैल दोऱ्याला बांधून तिथे ठेवला. त्या निर्जीव देहाला भोवऱ्यांनी असं हेलकावलं, की तो प्रवाहाविरुद्ध पुढे सरकला. नदीतले दगड वेडेवाकडे असल्यानं तिथे गणित इतकं नेटकं बसत नाही, पण तत्त्व तेच.

आता शोधायचं कसं? धारेत एक सुकं पान सोडा. ते कुठे धावतं, कुठे रेंगाळतं, कुठे उलटं फिरतं ते बघा. फेसाची पांढरी रेघ जिथून जाते तिथूनच कीटकही वाहतात. ती रेघ मोठ्या दगडाला घासून जाते ती जागा आधी पाहायची, मग दोन ओढे मिळतात तो सांधा. दगडाच्या मागे जशी विसाव्याची जागा असते तशीच पुढ्यातही एक लहानशी असते. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पोलराइज्ड चष्मा लावला की पाण्यावरची चमक जाते आणि तळ दिसतो.

चंद्राच्या स्थितीवरून मासे चरण्याची वेळ मिनिटासकट सांगणारे तक्ते आणि ॲप विकत घेणारे मला तिथे भेटले. पैसे वाया घालवू नका. चंद्राचा संबंध आहे तो उजेडापुरता. अंधार पडू लागला की कीटक जास्त सुटतात, लख्ख चांदण्यात कमी. याला तक्ता लागत नाही, आकाशाकडे पाहिलं की पुरतं.

मत्स्य विभागाचा परवाना मात्र काढाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते, कारण तेव्हा मादी गोट्यांमध्ये खड्डा करून अंडी घालते. त्या गोट्यांवरून चालूही नये.

तिसऱ्या दिवशी चार वाजता मी सोडलेलं पान एका करड्या दगडामागे अडखळलं. खाली एक सावली होती, फक्त शेपटी हलत होती. ती हातभर बाजूला सरली, तोंडाचा आतला पांढरा भाग क्षणभर चमकला, आणि सावली पुन्हा बोटभरही न चुकता त्याच जागी येऊन थांबली.