टेबल बदलायचंय की रो?

'डेटाबेस लॉगिनच्या वेळी अपग्रेड होऊ दे' असं कुणी म्हणालं, की नक्की काय बदलायचंय ते आधी विचारावं. या एका वाक्यात दोन वेगळी कामं लपलेली असतात: टेबलची रचना बदलणं आणि त्यातल्या एकेका रोमधली, म्हणजे ओळीतली, माहिती बदलणं.

समजा, सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाचं जुनं वेब ॲप आहे. सभासदांचे पासवर्ड एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीच्या हॅशमध्ये (हॅश म्हणजे पासवर्डवरून काढलेली, उलट न फिरवता येणारी अक्षरांची ओळ), कॉलम ३२ अक्षरांचा. आता बीक्रिप्ट ही जास्त सुरक्षित पद्धत आणायचीय आणि तिचा हॅश ६० अक्षरांचा. म्हणजे आधी कॉलम रुंद करायचा, मग एकेका सभासदाचा हॅश बदलायचा.

कॉलमचं काम लॉगिनवर टाकू नये. शनिवारी सकाळी दोन सभासद एकाच क्षणी आले, तर दोघांच्याही रिक्वेस्टला डेटाबेसचं व्हर्जन जुनं दिसणार आणि दोन्ही 'ऑल्टर टेबल' ही टेबलची रचना बदलणारी आज्ञा चालवायला धावणार. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फसलेला बदल निदान रोलबॅक होतो, म्हणजे पूर्ण मागे घेतला जातो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ऑल्टर आपोआप कमिट, म्हणजे कायम, होतो, त्यामुळे बदलाच्या चार पायऱ्यांपैकी दोन होऊन तिसरी फसली की गाडी तिथेच अडकते. शिवाय वेब ॲपच्या डेटाबेस युजरला टेबल बदलायचा हक्क द्यावा लागतो. एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे ॲपमधून डेटाबेसला स्वतःच्या आज्ञा घुसवण्याची, फट सापडली, की तो हक्क चोरालाही आयताच! हे काम डिप्लॉयच्या, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्याच्या, वेळी, वेगळ्या डेटाबेस युजरने करावं. लॉगिनवर टाकण्याचा हा घोळ बहुधा वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमुळे होतो: तिथे ॲडमिन आत शिरताना 'डेटाबेस अपडेट करा' असा पडदा येतो. पण ते बटण ॲडमिन दाबतो, वाचक नव्हे.

हॅशचं मात्र उलटं. जुन्या हॅशवरून पासवर्ड थेट काढता येत नाही, आणि खरा पासवर्ड आपल्या हाती येतो तो फक्त लॉगिनच्या वेळी. जुना हॅश जुळला, की तिथल्या तिथे नवा करून लिहायचा. जँगो हे पायथनमधलं वेब फ्रेमवर्क हे आपणहून करतं, पीएचपीत २०१३च्या ५.५ आवृत्तीपासून त्यासाठी फंक्शन आहे, आणि वर्डप्रेसनेही २०२५मध्ये ६.८ला बीक्रिप्टकडे जाताना हाच मार्ग धरला. नवा हॅश लिहिताना चूक झाली तरी सभासदाला आत सोडावं. पुढच्या खेपेला होईल. अपडेटच्या अटीत जुना हॅशही घालावा, नाहीतर दुसऱ्या टॅबमध्ये त्याने नुकताच बदललेला पासवर्ड पुसला जाईल.

राहिले वर्षानुवर्षं न फिरकणारे सभासद. त्यांचे एमडी५ हॅश तसेच ठेवणं मला पटत नाही. डिप्लॉयच्या वेळीच त्या हॅशवर बीक्रिप्टचं वेष्टन चढवावं, म्हणजे एमडी५ हॅशचाच बीक्रिप्ट हॅश काढून ठेवावा, आणि सभासद उगवला की शुद्ध बीक्रिप्ट करून टाकावं.