पार्श्वभूमी: हरवलेला स्वार शोधण्याचे शास्त्र कसे घडले

१९८२च्या जानेवारीत पॅरिस–डाकार रॅलीतली, म्हणजे आफ्रिकेच्या वाळवंटातून जाणाऱ्या वाहनशर्यतीतली, एक प्यूजो ५०४ मोटार सहारात बंद पडली. आत तिघे होते. त्यातला एक मार्क थॅचर, ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधानांचा मुलगा. मागून आलेल्या स्पर्धकांनी थांबून जागा पाहून घेतली आणि ते पुढे गेले. थॅचरने पुढे सांगितल्याप्रमाणे, टप्पा संपल्यावर त्यांनी ‘पूर्वेला पंचवीस मैल’ म्हणायच्या जागी ‘पश्चिमेला पंचवीस मैल’ असे सांगितले. सहा दिवसांनी अल्जीरियाच्या लष्करी विमानाला ते तिघे दिसले. मार्गापासून ते सुमारे ५० किलोमीटर बाजूला होते.

शोधकार्यातली माणसे हे उदाहरण वारंवार देतात, आणि ते पंतप्रधानांच्या मुलामुळे नाही. शोध बहुतेक वेळा रानात फसत नाही, तो निघण्यापूर्वीच फसलेला असतो. माणूस नक्की कुठे आणि किती वाजता दिसला होता, आणि तो हरवल्याचे कळायला किती तास गेले, या दोन गोष्टींत घोळ झाला की पुढे दहा विमाने लावली तरी ती चुकीच्या वाळूवरून फिरतात.

ही रॅली जन्माला आली तीच एका हरवलेल्या स्वारामुळे. १९७७मध्ये आबिजान–नीस रॅलीत थिएरी सबीन मोटरसायकलसह वाळवंटात भरकटला आणि कसाबसा वाचला. पुढच्या वर्षी २६ डिसेंबरला त्याने पॅरिसहून पहिली डाकार रॅली सोडली. तेव्हा स्वाराजवळ असायचे रोडबुक (किती अंतरावर कुठे वळायचे ते लिहिलेली वही), होकायंत्र आणि अंतरमापक. चाक वाळूत घसरत फिरले की अंतरमापक जास्त अंतर दाखवतो, त्यामुळे वळण येण्याआधीच वळण आल्यासारखे वाटते. शिवाय मोटरसायकलवर होकायंत्र वाचायचे तर थांबून, उतरून, इंजिनपासून चार पावले दूर जायला हवे. स्पर्धेत हे कोण करणार? जीपीएस या रॅलीत आले १९९२मध्ये.

उपग्रहाद्वारे मदत मागण्याची व्यवस्था मात्र वाळवंटातून नाही, हरवलेल्या विमानांतून आली. १९७२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसचे दोन सदस्य असलेले छोटे विमान अलास्कात बेपत्ता झाले. ३९ दिवस शोध चालला, विमान आजतागायत सापडलेले नाही. त्यानंतर अमेरिकेत विमानांवर संकेतक यंत्र, म्हणजे अपघात झाल्यावर रेडिओ संकेत सोडणारे यंत्र, सक्तीचे झाले. पण त्याचा संकेत ऐकायला आसपास कुणी असावे लागे. ही अडचण कॉस्पास–सारसॅट या उपग्रहांवरून संकेत टिपणाऱ्या व्यवस्थेने सोडवली. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ ऐन शीतयुद्धात या कामासाठी एकत्र आले, पहिला उपग्रह ३० जून १९८२ला गेला आणि त्याच सप्टेंबरमध्ये कॅनडात कोसळलेल्या एका विमानातले तिघे त्यामुळे वाचले. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या संकेतावरून जागा कळायची ती पंधरा-वीस किलोमीटरच्या फरकाने. ४०६ मेगाहर्ट्झच्या यंत्राने हा फरक पाच किलोमीटरच्या आत आणला, आणि यंत्रातच जीपीएस असेल तर शंभरेक मीटरवर. जुन्या संकेताकडे उपग्रहांनी लक्ष देणे १ फेब्रुवारी २००९ला बंद केले. माळ्यावर पडलेले तसले जुने यंत्र कुणी सोबत नेत असेल, तर ते निव्वळ ओझे आहे.

यंत्र असूनही काय राहून जाते, ते त्याच वर्षी दिसले. डाकार तेव्हा पहिल्यांदाच दक्षिण अमेरिकेत गेली होती. अर्जेंटिनातल्या ला पाम्पा प्रांतात पास्काल तेरी हा फ्रेंच मोटरसायकलस्वार ४ जानेवारी २००९ला बेपत्ता झाला आणि ७ तारखेच्या पहाटे दाट झुडपांत त्याचा मृतदेह सापडला, मोटरसायकलपासून सुमारे १५ मीटरवर. जवळ पाणी होते, खाणे होते. माणूस गाडीपासून दूर गेलेला नव्हता, तरी तीन दिवस लागले. त्याच्या फुफ्फुसांत पाणी भरले होते, आणि अशा वेळी मदतीचे बटण दाबण्याचे भान राहत नाही. म्हणून आता भर असतो तो न दाबता कळवणाऱ्या यंत्रणेवर: गाडी ठरावीक वेळ हलली नाही की नियंत्रण कक्षात आपोआप इशारा जातो आणि तिथला माणूस स्वाराशी संपर्क साधून पाहतो.

आता शोधाचा हिशेब. तो पाणबुड्यांच्या शिकारीतून आला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने प्रश्न असा मांडला: अथांग समुद्र, मोजकी विमाने, तर नेमके कुठे किती तास फिरायचे? त्याचा अहवाल १९४६चा. जमिनीवरच्या शोधपथकांनी ही रीत उचलली ती १९७०च्या दशकात. १९७६मध्ये विल्यम सायरोटक यांनी २२९ घटना तपासून हरवलेली माणसे कशी वागतात याचे कोष्टक मांडले. २००८मध्ये रॉबर्ट कोस्टर यांनी कितीतरी मोठ्या माहितीवरून ते काम पुढे नेले. त्यात घोडेस्वार वेगळा, मोटरसायकलस्वार वेगळा. हे योग्यच आहे: पडलेल्या स्वाराचा घोडा पुष्कळदा एकटा घरी येतो आणि त्याच्या खुरांचा माग उलटा धरता येतो. मोटरसायकल परत येत नाही.

हिशेबाचा गाभा छोटा आहे. एका नाल्यात स्वार असण्याची शक्यता ४० टक्के धरली. तिथे असता तर दिसला असता, याची शक्यता ५० टक्के. पथक फिरून रिकाम्या हाताने आले. तर त्या नाल्याची शक्यता शून्य होत नाही, ती २५ टक्क्यांवर येते आणि उरलेल्या सगळ्या प्रदेशाची ६० वरून ७५ वर जाते. ‘तो नाला पाहून झाला’ हे वाक्य म्हणून घातक. किती बारकाईने पाहिला, हा खरा प्रश्न. उघड्या माळावर एका माणसाला परिणामकारक दिसणारा पट्टा ४० मीटर धरला, तर एक चौरस किलोमीटरवर सगळ्यांची मिळून २५ किलोमीटर चाल होते. पण चालताना पट्टे कुठे एकमेकांवर पडतात, कुठे मध्ये फटी राहतात, म्हणून एवढे करूनही सापडण्याची शक्यता ६३ टक्केच; तितकेच पुन्हा चालल्यावर ८६. झुडपांत पट्टा १५ मीटरवर येतो आणि २५ किलोमीटरचे ६७ होतात.

चाकावरच्या माणसाचे गणित आणखी बिघडते. पायी हरवलेला दोन तासांत फार तर सहा किलोमीटर जातो, म्हणजे वर्तुळ सुमारे ११३ चौरस किलोमीटरचे. ताशी ३० किलोमीटरने गेलेल्या स्वाराचे वर्तुळ ११,३०० चौरस किलोमीटरचे, पुणे जिल्ह्याचा जवळजवळ पाऊण भाग. म्हणून स्वारासाठी वर्तुळ आखतच नाहीत, वाटा मोजतात. प्रत्येक फाटा, प्रत्येक आंधळी वाट, आणि प्रत्येक वळणाची बाहेरची बाजू. रस्ता सोडून पडलेली गाडी सहसा वळणाबाहेरच्या उतारावर असते, आणि चालत्या जीपमधून तो उतार दिसत नाही. तिथे उतरून कड्यापर्यंत जावे लागते. दुसरी हद्द पेट्रोलची: टाकीत सहा लिटर आणि लिटरला ३० किलोमीटर, तर १८० किलोमीटरच्या पलीकडे पाहण्यात अर्थ नाही. वाळूत किंवा चढावर ती हद्द आणखी आत येते.

गणितापेक्षा जुनी विद्या माग काढण्याची. कच्छच्या रणात पागी हा माग काढणाऱ्यांचा परंपरेचा पेशा. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत रणछोड पागी यांनी सैन्याला केलेली मदत प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या सीमेवरच्या गस्तीनेही हेच तंत्र घडवले: माग धरून मागे जाण्यापेक्षा पुढे जाऊन तो आडवा गाठायचा. मऊ मातीचा एखादा आडवा पट्टा पाहिला आणि त्यावर टायरची नक्षी नसेल, तर पलीकडचा सगळा मुलूख तूर्त बाजूला. हे काम सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर करतात, माग आपल्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवून. भर दुपारी नक्षी सपाट दिसते. हा पुरावा पहिल्या तासात मोडतात ते मदतीला आलेले मित्रच: दहा बुलेट घेऊन सगळे त्याच वाटेने आत शिरतात.

रात्री वाट चुकून फिरून त्याच जागी आलो की आपण ‘चकवा लागला’ म्हणतो. २००९मध्ये जर्मन संशोधकांनी सहारात आणि जंगलात माणसे चालवून पाहिली. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की माणसे खरोखरच गोल फिरू लागली. स्वाराचा चकवा जास्त फसवा, कारण स्वतःच्याच टायरचा जुना माग त्याला ‘रस्ता’ वाटतो.

महाराष्ट्रातून लडाख-स्पितीला जाणाऱ्यांना यातले उपग्रह प्रकरण जवळपास बंदच आहे. भारतात सॅटेलाइट फोन आणि दोन्ही बाजूंनी संदेश पाठवणारी उपग्रह यंत्रे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, आणि विमानतळांवर परदेशी पर्यटक त्यापायी अडकले आहेत. बाहेरचे प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते, तेही टॉवर असेल तिथेच. तेव्हा शेवटची खात्रीची जागा कागदावरूनच काढावी लागते: चेकपोस्टच्या वहीतली वेळ, ढाब्यावरचे यूपीआय, पंपाची पावती. मनालीहून जाताना तांडीचा पंप त्यासाठी मोलाचा, कारण पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी तिथेच आहे आणि टाकी भरल्याशिवाय सहसा कुणी पुढे जात नाही.

फोन शेवटी कुठे लागला होता हे पोलिसांमार्फत मिळते, आणि त्यासाठी आधी बेपत्ताची नोंद हवी. ती नोंद ‘उद्या येईलच’ म्हणून लांबते. मिळणारी माहितीही ठिपका नसते. टॉवरचा सिग्नल पंख्याच्या आकाराच्या भागांत पसरतो, असा एक पंखा साधारण १२० अंशांचा, आणि जुन्या टू-जीत अंतर कळते ते ५५० मीटरच्या टप्प्यांनी, म्हणजे नकाशावर कमानीसारखी एक पट्टी उमटते. डोंगरात ती पट्टी समोरच्या धारेवर पडते, कारण सिग्नल तिथेच पोचतो. स्वार धारेवरून शेवटचा फोन करून खाली नाल्यात उतरलेला असू शकतो. म्हणून धारेवरून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या वाटा आधी पाहतात, आणि दर अर्ध्या तासाने सगळी इंजिने बंद करून, एकदम शिट्ट्या मारून, दोन मिनिटे नुसते ऐकतात.