तापमानवाढ आणि वाळवंटी वनस्पती

वाळवंटातल्या झाडाझुडपांना ऊन नवे नाही. अमेरिकेतील डेथ व्हॅलीत भर उन्हाळ्यात वाढणारी टिडेस्ट्रोमिया ही वनस्पती ४५ अंश सेल्सिअसच्या आसपासही जोमाने प्रकाशसंश्लेषण करते. मग हवा दोन-तीन अंशांनी तापली तर अशा वनस्पतींचे काय बिघडणार, असे वाटणे साहजिक आहे. पण खरा घाव बहुतेकदा भर दुपारी बसत नाही. तो रात्री बसतो, आणि जुन्या झाडापेक्षा कोवळ्या रोपावर अधिक बसतो.

निवडुंगवर्गीय वनस्पती दिवसा पर्णरंध्रे, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे, मिटून घेतात. रात्री हवा गार झाली की ती उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून दुसऱ्या दिवशी उन्हात वापरतात. रात्रच गार झाली नाही, तर उघड्या रंध्रांतून पाणी जास्त जाते, शिवाय श्वसनात साठाही जळतो. २०२३ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातील फीनिक्स शहरात सलग ३१ दिवस कमाल तापमान सुमारे ४३ अंशांच्या खाली आले नाही आणि रात्रीही उकाडा हटला नाही. तेव्हा तिथल्या काही सग्वारो या उंच निवडुंगांच्या हातांसारख्या फांद्या गळून पडल्या, काही मुळासकट कोसळले. त्यात शहरातल्या काँक्रीटचाही वाटा होता, हे विसरू नये.

सग्वारो दीडशे वर्षांहून अधिक जगतो, पण पहिल्या आठ वर्षांत त्याचे रोप जेमतेम अडीच ते चार सेंटिमीटर वाढते. बोटाच्या पेराएवढा हा जीव पालो वेर्दे किंवा मेस्किट झाडाच्या सावलीत तग धरतो, तोही ओलाव्याची काही वर्षे लागोपाठ मिळाली तर. दुष्काळ लांबले की जुने सग्वारो उभेच राहतात, मात्र त्यांच्या पायाशी रोपे दिसत नाहीत. म्हणून उंच झाडे मोजून वाळवंट सुखरूप आहे असे म्हणणे मोठी चूक ठरते.

सर्वांत नाजूक थर तर पायाखालीच असतो. सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू), दगडफूल आणि मॉस ही शेवाळासारखी इवली वनस्पती यांचा मातीवर पापुद्रा बनतो. तो वाळू धरून ठेवतो, जमिनीत नायट्रोजन भरतो. कोरडे मॉस काळपट, मेल्यासारखे दिसते. दोन थेंब पडले की क्षणात हिरवे होते. जागे व्हायला त्याला साठवलेली ऊर्जा खर्चावी लागते आणि ओल टिकली तरच ती भरून निघते. मिलिमीटरभर सर येऊन लगेच सुकली, की प्रत्येक पावसागणिक मॉस उपाशी पडत जाते. अमेरिकेतील युटा राज्यातल्या एका प्रयोगात उन्हाळ्यातल्या अशा वारंवारच्या बारीक सरींनीच मॉसचा मोठा भाग मेला. पावसाने वनस्पती मरावी, ही गोष्ट मन विषण्ण करते.

वनस्पती चालत नाहीत, पण पिढ्यांनी सरकतात. कॅलिफोर्नियातील सांता रोझा पर्वतावर १९७७ आणि २००६-०७ मधील पाहण्यांची तुलना केल्यावर प्रमुख वनस्पती जाती डोंगरउतारावर सरासरी सुमारे ६५ मीटर वर सरकलेल्या आढळल्या. नैर्ऋत्य आफ्रिकेतील क्विव्हर ट्री हे कोरफडीसारखे झाड मात्र उष्ण उत्तरेकडे मरताना दिसते, दक्षिणेकडे तितके पसरत नाही.

हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड रंध्रे कमी उघडून भागवू देतो, त्यामुळे पाणी वाचते. काही रुक्ष प्रदेश त्याने हिरवेही झाले आहेत. परंतु ओल्या वर्षी त्याचा फायदा लाल ब्रोमसारख्या परक्या गवतालाही मिळतो. ते वाळले की पूर्वी उघड्या असलेल्या मातीवरून आग धावते. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात डोम नावाच्या वणव्यात १७ हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि सुमारे १३ लाख जोशुआ वृक्ष गेल्याचा अंदाज आहे. या वृक्षाचे परागण केवळ युका पतंग करतात, तेव्हा झाडे पुन्हा लावली तरी पतंगही परतावे लागतात.

ॲरिझोनातील टुसॉनजवळ टुमामॉक टेकडीवर १९०३ मध्ये स्थापन झालेल्या वाळवंट प्रयोगशाळेच्या परिसरात हिवाळी वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात रुजून बी देऊन मरणाऱ्या, वनस्पतींची वर्षानुवर्षे मोजणी होते. तिथे एक अनपेक्षित बदल दिसला. रुजवणारा पाऊस उशिरा, म्हणजे थंडी पडल्यावर येऊ लागला. त्यामुळे वाळवंट तापत असतानाही थंडी मानवणाऱ्या जातींचाच वाटा तिथे वाढला.