कंसातला रोमन आकडा आणि आल्फ्रेड स्टॉक

लोहाच्या क्लोराइडच्या बाटलीवर आता ‘आयर्न’ शब्दाला चिकटून कंसात रोमन दोन किंवा रोमन तीन छापलेला असतो. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत फेरस आणि फेरिक असे घोकले. या आकड्याच्या पद्धतीला जर्मन असेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांचे नाव आहे. मात्र १९१९ साली त्यांनी मांडलेल्या मूळ सूचनेत रोमन आकडा नव्हता, तिथे साधा दोन किंवा तीन होता.

जुन्या नावांची अडचण काय होती, ते तांब्याशेजारी लोह ठेवले की कळते. क्युप्रसमध्ये तांब्याची संयुजा, म्हणजे इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता, एक, फेरसमध्ये लोहाची दोन. क्युप्रिक म्हणजे दोन, फेरिक म्हणजे तीन आणि कथिलाचे स्टॅनिक म्हणजे चार. प्रत्यय तोच, पण धातू बदलला की अर्थ बदलतो. प्रत्ययावरून फक्त ‘कमी’ आणि ‘जास्त’ एवढेच समजते. ज्या धातूच्या चार-पाच संयुजा आहेत, त्याचे काय करायचे? समन्वय संयुगांच्या (धातूच्या अणूभोवती इतर अणू किंवा गट जोडलेल्या संयुगांच्या) अभ्यासाचा पाया घालणारे स्विस शास्त्रज्ञ आल्फ्रेड वर्नर यांच्या पद्धतीत एक ते आठ संयुजांसाठी आठ वेगळे प्रत्यय होते. त्यात तर्क होता, पण आठ प्रत्यय लक्षात कोण ठेवणार? स्टॉक यांनी सरळ आकडाच लिहायला सांगितले. पद्धत सोपी, स्पष्ट आणि पाहताक्षणी कळणारी आहे, असा त्यांचा दावा होता. तो मला आजही पटतो.

१९२४ मध्ये एका जर्मन आयोगाने ही पद्धत स्वीकारण्याची शिफारस केली आणि ती करताना आकडा रोमन करून कंसात घातला. दहा वर्षांनी, १९३४ मध्ये, स्टॉक यांनी रोमन आकड्याला मान्यता दिली. कंस मात्र काढावा आणि नाव व आकडा यांमध्ये जोडरेघ ठेवावी, असे सुचवले. ते कोणी ऐकले नाही. माझ्या मते मूळचा साधा आकडाच योग्य होता. रोमन आकड्यांत शून्य नाही, त्यामुळे निकेलच्या कार्बोनिलसारख्या संयुगात धातूची अवस्था शून्य असली की नियमालाच साधे शून्य उसने घ्यावे लागते. शिवाय १९४९ मध्ये दुसरी एक पद्धत पुढे आली. तिच्यात कंसात साधा आकडा येतो, पण तो आयनावरचा विद्युतभार दाखवतो आणि त्याला अधिक किंवा उणे चिन्ह जोडतात. म्हणजे स्टॉक यांचा आकडा परत आला, पण वेगळा अर्थ घेऊन. स्टॉक स्वतः ‘संयुजा’ म्हणत होते. आज त्याच जागी आपण ऑक्सिडीकरण अंक वाचतो, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन ते जास्त ओढणाऱ्या अणूचे मानले तर धातूवर उरणारा मानीव विद्युतभार. या दोन्ही कल्पना एकच नाहीत. विद्यार्थ्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो, आणि त्यात दोष त्यांचा नाही.

नावांची ही ओढ स्टॉक यांच्या प्रयोगशाळेतून आलेली दिसते. १८७६ मध्ये डान्झिगला (आजचे पोलंडमधले ग्दान्स्क) जन्मलेले स्टॉक बर्लिनमध्ये शिकले आणि काही काळ पॅरिसलाही राहिले. १९१२ च्या सुमारास ब्रेस्लाऊमध्ये (आजचे पोलंडमधले व्रोत्सवाफ) ते बोरॉनच्या हायड्राइडांकडे, म्हणजे बोरॉन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांकडे, वळले. यांतले काही पदार्थ हवेचा स्पर्श होताच पेट घेतात. म्हणून त्यांनी काचेच्या बंद नळ्यांची, पाऱ्याच्या झडपा असलेली निर्वात मांडणी उभारली आणि हवा अजिबात न लागू देता हे वायू वेगळे केले, शुद्ध केले, मोजले. नवे पदार्थ हाती येत गेले तशी त्यांना नावेही लागली. बोरॉनच्या हायड्राइडांसाठी बोरेन आणि सिलिकॉनच्या हायड्राइडांसाठी सिलेन ही नावे त्यांचीच. मध्यवर्ती अणूला जोडलेल्या अणू किंवा गटासाठीचा ‘लिगंड’ हा शब्दही त्यांनीच १९१६ च्या सुमारास सुचवला, पण जर्मनीबाहेर तो रुळायला दुसरे महायुद्ध संपावे लागले.

ज्या पाऱ्यावर ही मांडणी चाले, त्याच पाऱ्याने त्यांना आजारी पाडले. डोकेदुखी, चक्कर, विसरभोळेपणा अशा तक्रारी त्यांनी कित्येक वर्षे सोसल्या. कारण उमगले ते १९२४ मध्ये. दोन वर्षांनी त्यांनी पाऱ्याच्या वाफेचा धोका सांगणारा लेख प्रसिद्ध केला आणि पाऱ्याचे अत्यल्प प्रमाण मोजण्याच्या रीतीही बसवल्या. दातांत भरायच्या पारदमिश्रणावर (पारा मिसळलेल्या धातूंवर) त्यांनी घेतलेल्या आक्षेपावरून मोठा वाद पेटला.

१९२६ पासून ते कार्ल्सरूला प्राध्यापक होते. नाझी राजवटीत, १९३६ ते १९३८ या काळात, ते देशातल्या एका प्रमुख रसायन संघटनेचे अध्यक्ष होते, हेही त्यांच्या चरित्रात नोंदवायलाच हवे. १९४६ मध्ये ते वारले. त्यांनी अभ्यासलेल्या बोरेनांपैकी डायबोरेनमधले दोन हायड्रोजन अणू दोन बोरॉनांमध्ये पुलासारखे बसतात, ही रचना १९४० च्या दशकात पक्की होत गेली. बोरेनमधल्या बंधांवरील कामाला १९७६ चे नोबेल मिळाले. सेंद्रिय संश्लेषणात बोरॉन संयुगे वापरण्याच्या कामाला १९७९ च्या नोबेलचा अर्धा वाटा गेला.

चुंबकी लोहखनिज मॅग्नेटाइटच्या रासायनिक नावात आजही कंसात दोन रोमन आकडे स्वल्पविराम देऊन लिहितात, कारण त्यातले काही लोह दोन अवस्थेत असते, काही तीन.