ओक लाकडाची करडी छटा
ओक (क्वेर्कस प्रजाती, फॅगेसी कुल) लाकडावर उन्हापावसाने चढणारा रुपेरी-करडा रंग, तसेच तो नव्या लाकडावर कृत्रिम रीतीने आणण्याच्या क्रिया. पुष्कळ लेखनात दोहोंची चर्चा एकत्र येते; परंतु दोन्ही रंगांचे रसायन भिन्न आहे व ते वेगळे मानणेच योग्य.

नैसर्गिक रंग : लाकडातील लिग्निन (तंतू एकत्र बांधून ठेवणारे द्रव्य) अतिनील किरण शोषून विघटित होते. सुटलेले अंश पावसाने धुऊन जातात आणि पृष्ठभागी सेल्युलोजाचे फिकट तंतू उरतात. करडेपणात मोठा वाटा कवकांचा, विशेषतः ऑरिओबॅसिडियम पुल्युलन्स या काळसर कवकाचा असतो. त्याला ओल लागते. म्हणून वळचणीच्या आडोशाला तीच फळी तपकिरी राहते. हा सारा बदल वरवरचा असून रंधा फिरवला की खालून ताजे लाकूड निघते.

कृत्रिम रंगाचा उगम : लोहक्षारांनी लाकूड करडे करण्याची रीत युरोपात निदान अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ असावी. मात्र तिचे प्रसिद्ध नमुने ओकचे नसून इंग्लिश जडावकामातील (लाकडावर वेगळ्या रंगाच्या पातळ लाकडी पट्ट्या बसवण्याच्या कामातील) सिकॅमोर या मॅपलवर्गीय वृक्षाचे आहेत. या रंगवलेल्या लाकडास हेअरवुड म्हणतात. जुने नमुने आज हिरवट-तपकिरी दिसतात. तोच मूळ रंग, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु मूळची रुपेरी छटा प्रकाशाने व पिवळ्या पडलेल्या व्हार्निशने पालटली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जडावपट्टीची मागची बाजू प्रकाशापासून सुरक्षित राहते, म्हणून या वादात तिची साक्ष महत्त्वाची ठरते.

ओकला अमोनियाची वाफ देऊन रंग आणण्याची क्रियाही कित्येकदा याच सदरात घालतात. अमेरिकेत ती गुस्टाव्ह स्टिकली (१८५८–१९४२) यांच्या फर्निचरामुळे प्रसिद्धीस आली. तबेल्यातील (जनावरांच्या मुतातून सुटणाऱ्या अमोनियाने) काळवंडलेल्या ओक तुळया पाहून ती सुचली, ही वारंवार सांगितली जाणारी हकीकत आख्यायिका म्हणूनच घ्यावी. शिवाय या वाफेने येणारा रंग मुख्यतः तपकिरी असतो. करड्या छटेच्या इतिहासात तिला दुय्यम स्थान देणे उचित. ओकच्या रुंद छिद्रांत चुना किंवा सफेदा भरण्याची रीत निराळी आहे. पॅरिसमधील सजावटकार जाँ-मिशेल फ्राँक (१८९५–१९४१) यांनी ती आवडीने वापरली. शिशाचा सफेदा विषारी असल्याने आता पांढरे मेण भरतात.

रसायन व कृती : ओकच्या मध्यकाष्ठात (खोडाच्या आतल्या गडद लाकडात) टॅनिन हे तुरट द्रव्य विपुल असते. त्यावर फेरस क्षाराचे द्रावण लावले असता प्रथम फारसे काही दिसत नाही. पाहता पाहता हवेतील ऑक्सिजनामुळे लोह फेरिक अवस्थेत जाते आणि ओल्या फळीवर निळसर करडा रंग उमटू लागतो. मायफळ व हिराकस (फेरस सल्फेट) यांच्या जुन्या शाईचे रसायन हेच. बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ हीसुद्धा ओकच्याच एका जातीवर कीटकामुळे येणारी गाठ आहे.

हिराकशीचे पातळ द्रावण, किंवा स्टील वूल व्हिनेगरमध्ये भिजवून मिळणारे लोह ॲसिटेट वापरतात. भिजवताना हायड्रोजन सुटतो, म्हणून बरणीचे झाकण घट्ट लावू नये. स्टील वूलवरचे तेल आधी धुवावे. द्रावण तीव्र असल्यास करडा न येता निळा-काळा रंग येतो, म्हणून त्याच फळीच्या तुकड्यावर चाचणी घेतात. पांढऱ्या ओकमध्ये टॅनिन सामान्यतः तांबड्या ओकपेक्षा अधिक असते. रसकाष्ठ (सालीलगतचे बाहेरचे लाकूड) फिकट राहते आणि एकाच फळीवर पट्टे उमटतात. पाण्याने तंतू उभे राहतात. त्यासाठी लाकूड आधी ओले करून, वाळवून, घासून घ्यावे. मऊ भाग खरवडून रेषा उठावदार करण्यास पितळी तारेचा ब्रश घ्यावा. साध्या लोखंडी तारेचे कण राहिले तर काळे ठिपके पडतात.

लोहाचा अतिरेक लाकडास मानवत नाही. १६२८ मध्ये बुडालेले व १९६१ मध्ये वर काढलेले वासा हे स्वीडिश जहाज ओकचे आहे. त्याच्या गंजलेल्या खिळ्यांतून झिरपलेले लोह व लाकडात तयार झालेले आम्ल ही त्याच्या जतनातील मोठी अडचण ठरली आहे.

अखेरचा हात निर्णायक असतो. जवसाच्या तेलाने छटा पिवळी-तपकिरी होते. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक लेपन ती बरीचशी टिकवते.

भारत : हिमालयात बांज इत्यादी ओक आढळतात, सह्याद्रीत ओक नैसर्गिकपणे उगवत नाही. मात्र सह्याद्रीतला हिरडा टॅनिनयुक्त आहे. हिरड्याने संस्कारलेल्या कापडावर लोहद्रावणाने काळा रंग आणण्याची कलमकारीतील रीत याच रसायनावर चालते. टॅनिन कमी असलेल्या लाकडावर हिरड्याचा किंवा चहाचा काढा आधी देऊन हा परिणाम साधता येतो. उघड्यावरचे सागवान ओकप्रमाणेच आपोआप रुपेरी होते.