रेक्टिफायर ट्यूब: सॉकेटमध्ये बसली म्हणजे चालते असं नाही

गिटार अँपवाल्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: ५वाय३, ५यू४ आणि जीझेड३४ या तिन्ही रेक्टिफायर ट्यूब (अँपमध्ये एसी विजेचं डीसी करणाऱ्या नळ्या) एकाच आठ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतात, तेव्हा हवी ती लावा. हे चूक आहे, आणि ट्रान्सफॉर्मर जाळू शकतं.

फेंडर कंपनीचा जुना ट्वीड चँप हा छोटा अँप घ्या. त्यात ५वाय३ असते. तिन्हींचा फिलामेंट (ट्यूब तापवणारी तार) ५ व्होल्टचाच, पण ५वाय३ ला २ अँपिअर लागतात, ५यू४ ला ३. दोन अँपिअरसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवर (तारेच्या गुंडाळीवर) दीडपट भार पडला की ती तापत राहते. आवाज मात्र छान येतो, म्हणून कोणाला शंकाच येत नाही.

जीझेड३४ ला १.९ अँपिअरच लागतात, म्हणून ती निर्धोक वाटते. पण तिच्यात व्होल्टेजची घट फार कमी होते, त्यामुळे पुढे डीसी व्होल्टेज वीसेक व्होल्टनी सहज चढतं, कधी जास्तच. तो ताण ६व्ही६ या पॉवर ट्यूबवर आणि डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर येतो. ती लावायचीच असेल तर बायस (पॉवर ट्यूबमधून वाहणारा स्थिर करंट ठरवणारी जुळणी) आणि कपॅसिटरचं रेटिंग आधी तपासून घ्या. अनुभव नसेल तर जाणकाराकडून, कारण अँप बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात.

आणि ‘सॅग’साठी (जोरात वाजवल्यावर व्होल्टेज दबून आवाजात येणाऱ्या मऊपणासाठी) ट्यूब बदलणाऱ्यांना कळकळीने सांगतो: चँप क्लास ए आहे, म्हणजे त्याची पॉवर ट्यूब सतत करंट घेत राहते, म्हणून जोरात वाजवलं तरी करंट फारसा बदलत नाही. जाणवणारा फरक बहुतेक बदललेल्या व्होल्टेजचा असतो.