जकात व उश्र : बेळगाव सीमाभागातील व्यवहार

जकात हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. निसाबाइतकी, म्हणजे ठरावीक मर्यादेइतकी संपत्ती चांद्र वर्षभर मालकीत राहिली, की तिचा शेकडा अडीच हिस्सा गरजूंना द्यावा लागतो. कुराणाच्या नवव्या सूरेतील (अध्यायातील) 60 व्या आयतीत (वचनात) घेणाऱ्यांचे आठ वर्ग सांगितले आहेत. फकीर (गरीब), मिस्कीन (अगदी निराधार), कर्जबाजारी आणि वाटसरू हे त्यांपैकी. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातले बहुतेक मुसलमान हनफी या सुन्नी न्यायपंथाचे असल्याने हिशेबही त्याच रीतीने होतो. हा हिशेब बहुधा रमजानात उरकतात.

हिशेबातून धंद्याची साधने सुटतात. विणकराचा माग धरत नाहीत; विकायला ठेवलेल्या साड्या आणि सूत धरतात. निपाणीच्या व्यापाऱ्याची वखार सुटते, आतला तंबाखू मात्र त्या दिवसाच्या बाजारभावाने मोजला जातो. माल 4 लाखांचा, रोकड 1 लाख आणि देणे 1 लाख असेल, तर 4 लाखांवर 10,000 रुपये निघतात.

खरी मेख निसाबात आहे. सोन्यासाठी तो साडेसात तोळे (87.48 ग्रॅम), चांदीसाठी साडेबावन्न तोळे (612.36 ग्रॅम). नुसते दोन तोळे सोने असेल तर जकात नाही. पण सोन्यासोबत शिल्लक रोकड असली, की दोन्हींची बेरीज चांदीच्या भावाशी ताडतात, आणि चांदी सोन्यापेक्षा कितीतरी स्वस्त. त्यामुळे विड्या वळून पोट भरणारी विधवा दोन तोळ्यांच्या गंठणामुळे आणि डब्यातल्या थोड्या पैशांमुळे देणाऱ्यांत जाऊन बसते. जकात घेण्याचा तिचा हक्कही जातो. हा नियम गरिबाला जाचतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. किनाऱ्यावरच्या भटकळच्या नवायत मुसलमानांकडे मात्र, ते शाफई या दुसऱ्या न्यायपंथाचे असल्याने, अंगावरच्या वापरातल्या दागिन्यांना जकात लागत नाही.

पिकावरचा भाग म्हणजे उश्र. पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी विकत घेऊन किंवा उपसून घेतलेल्या पिकाचा विसावा. खानापूरकडच्या पावसाळी भाताची 20 पोती झाली तर 2 द्यायची. मोटारीच्या पाण्यावर तेवढेच पिकले तर 1. हनफी पंथाचे प्रवर्तक इमाम अबू हनीफा यांच्या मते यात ऊसही येतो. मात्र भारतातल्या जमिनींना उश्र लागू होतो का, यावर उलेमांत (धर्मपंडितांत) एकमत नाही.

हनफी मतानुसार जकात घेणाऱ्याच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून ती मशिदीच्या बांधकामाला चालत नाही, आईवडिलांना वा मुलांना देता येत नाही. गरजू भावाबहिणीला देणे मात्र उत्तम मानतात. मशिदीचा खर्च देणगीतून किंवा वक्फच्या, म्हणजे धर्मकार्यासाठी राखलेल्या मालमत्तेच्या, उत्पन्नातून भागतो. ऐच्छिक सदका (दान) कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याला चालतो.

व्याज निषिद्ध असल्याने अडलेल्याला बिनव्याजी कर्जे-हसना देण्याची रीत आहे. बचत खात्यावर जमा झालेले व्याज अनेक जण पुण्याची अपेक्षा न धरता गरिबाला देऊन टाकतात. इस्लामी, म्हणजे बिनव्याजी, बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतल्याचे 2017 मध्ये उघड झाले. ‘हलाल’ नफ्याचे आमिष दाखवणारी बंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायझरी ही गुंतवणूक कंपनी 2019 मध्ये कोसळली आणि हजारो ठेवीदार बुडाले.